राहिलो म्हणजे राहिलो नव्हे

आमच्या घरी एक शंभर पानी वही आहे. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग, कोपरे कुरतडलेले. तिच्या पहिल्या पानावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे : 'नियम पहिला. खेळाडू मुखाने जे उच्चारील ते घडले असे मानण्यात येईल.' त्याच्याखाली दुसऱ्या शाईने, माझ्याच पण बऱ्याच नरमलेल्या अक्षरात, आणखी एक ओळ आहे : 'राहिलो म्हणजे राहिलो नव्हे.' मुलं वाचायला शिकली तशी एकेकाने ही वही शोधून काढली आणि हे काय म्हणून विचारलं. दर वेळी मी सांगत गेले आणि दर वेळी माझी फजिती थोडी थोडी वाढत गेली. तेव्हा एकदा लिहूनच टाकते. निदान आहे तेवढ्यावर तरी थांबेल.

बासष्ट साली, उन्हाळा सुरू होता होता, लग्न होऊन मी पुण्याहून अमरावतीला आले. माहेरी आमचा फुलांचा मळा. हे पुण्याला शेतकी कॉलेजात शिकत होते, तेव्हा आमच्या गुलाबावर पडलेली कीड बघायला आले होते. कीड गेली की नाही ते मला आठवत नाही, लग्न मात्र ठरलं. सासरी संत्र्याची बाग, चांदूर बाजाराच्या वाटेवर. घर अमरावतीत. ह्यांची नोकरी अकोल्याला, शेतकी खात्यात. तिथे ते दोन ब्रह्मचाऱ्यांबरोबर एका खोलीत राहत होते आणि पावसाळ्याच्या आत सरकारी क्वार्टर मिळेल असं सांगत होते. तोवर मी अमरावतीला राहायचं आणि ह्यांनी शनिवारी यायचं, असं ठरलं.

सासरे बहुतेक दिवस बागेवरच असायचे, कारण उन्हाळ्यात झाडांना पाणी देण्यापुढे त्यांना घरदार सुचत नसे. घरात उरायचे सासूबाई, मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारी नणंद, इंटरला दुसऱ्यांदा बसलेला दीर, आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेल्या, आणि तेव्हापासून घर त्यांच्याच आवाजावर चालायचं.

माणसं वाईट नव्हती. उलट माझा मान ठेवायला फार धडपडत होती आणि सगळा घोटाळा तिथेच होता. पुण्याची सून म्हणून दीर आणि नणंद माझ्याशी पुस्तकातलं बोलायचे. दीर दारात येऊन धडा वाचल्यासारखा विचारायचा, "वहिनी, आपण चहा घेणार आहात का?" मी 'हो' म्हटलं की सुटला बिचारा. मी पाठ फिरवली की दुसऱ्या खोलीत तीच माणसं त्यांच्या वऱ्हाडीत अशी भरधाव सुटायची की मला त्यातलं हसू तेवढं कळायचं. मी दारात गेले की हसू बंद, आणि पुन्हा धडा सुरू. आत्याबाई पुस्तकातलं बोलत नसत, कारण त्या माझ्याशी बोलतच नसत. मी समोर ताट घेऊन बसलेली असायची आणि त्या नणंदेला सांगायच्या, "तिले विचार, भात पाहिजे काय."

एकदा सासूबाई परसातल्या भिंतीवरून शेजारणीशी बोलत होत्या. बाकीचं निसटलं, पण एक वाक्य कानात नीट पडलं. "सून आनली का पाव्हनी आनली, कायच समजत नाही वं माय. बोलतच नाही."

मला वाटत होतं, ही माणसं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटत होतं, मी बोलत नाही. आणि पावसाळा आला की मी अकोल्याला जाणार. म्हणजे पाहुणी म्हणून आले तशी पाहुणी म्हणूनच ह्या घरातून उठणार, मग सणासुदीला येणार तीही पाहुणीच. माहेरी आम्ही पाच भावंडं एकमेकांच्या अंगावर पडून वाढलो. मला ह्या घरात कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं आणि कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवं होतं. ही एवढी साधी इच्छा, पण ती कुणाकडे बोलून दाखवता येण्यासारखी नव्हती.

वैशाखातल्या अमरावतीच्या दुपारी ज्यांनी काढल्या आहेत त्यांना त्यांच्याबद्दल काही सांगायला नको. वाळ्याचे पडदे ओले करून टांगायचे, दारं लोटून घ्यायची आणि सगळ्यांनी माजघरात फरशीवर पडून राहायचं. पाच माणसं, चार तास, आणि माझ्यामुळे कुणी बोलेना. अशाच एका दुपारी मला असह्य होऊन मी भिंतीवरचं गेल्या वर्षीचं बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं आणि पेन्सिलीने एक नदी काढली. नदीच्या पलीकडे डोंगर काढला, डोंगरावर वाडा.

हा आमच्या माहेरचा खेळ. थोरला भाऊ एका कागदावर नसलेलं राज्य काढायचा. तो सूत्रधार. आम्ही प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कुणी सरदार, कुणी वैद्य. सूत्रधार सांगणार, तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर हे दिसतंय, आता काय करता? आपण आपल्या सोंगातून उत्तर द्यायचं. जमेल की नाही अशी शंका असली तर फोडलेले पाच चिंचोके टाकायचे. तीन किंवा जास्त पांढरे पडले तर जमलं, नाहीतर गेलात खड्ड्यात. मला भाऊ नेहमी दासीचं सोंग द्यायचा आणि ती दासी पहिल्याच दुपारी जंगलात हरवायची. मी उरलेली सुट्टी हरवलेली असायची. तेव्हा सूत्रधार होण्याची भूक माझ्या पोटात किती वर्षांची होती ते ओळखा.

नणंद वेणी सोडून पुन्हा घालण्याच्या निमित्ताने जवळ सरकली. "हे काय आहे, वहिनी?" मी सांगितलं. ती ऐकत गेली आणि वेणी अर्धीच राहून गेली. दीर पालथा पडून झोपल्याचं सोंग करत होता, तो उलथा झाला. "म्हणजे ही मोहीम आहे," तो म्हणाला. माझ्या भावाला इतका चांगला शब्द कधी सुचला नव्हता. मोहीम हेच नाव पडलं.

मग सोंगं ठरली. दिराला पैलवान व्हायचं होतं. हत्तीला दोन हातांनी थोपवणारा. इंटरला दुसऱ्यांदा बसलेल्या माणसाला शक्तीचं फार आकर्षण असतं. नणंद, जी घरात पाय वाजू न देता चालायची, ती म्हणाली की ती चोर होईल. कोपऱ्यात गहू निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. "कधी न सापडणारी चोर," नणंदेने घाईने दुरुस्ती केली, जणू तेवढ्याने चोरी पवित्र झाली.

आत्याबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांना विचारा, असं मी नणंदेला म्हटलं. मीही आता त्यांच्याच वाटेने बोलायला शिकले होते. नणंदेने विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "मी मीच. मले दुसरं कोनी होता येत नाही." थोडा विचार करून पुढे म्हणाल्या, "तिले सांग, गुडघे तेवढे चांगले लिवजो."

तसं लिहिलं. वहीच्या तिसऱ्या पानावर अजून आहे : 'आत्याबाई. सोंग नाही. गुडघे चांगले.'

राज्य मात्र माझ्या हातून पार गेलं. मी संगमरवरी वाडा काढला होता, कमळांचं तळं काढलं होतं, तळ्यात दोन हंस. आत्याबाईंनी नणंदेमार्फत चौकशी केली की ह्या राज्यात पिकतं काय. मी म्हटलं, डोंगरात माणकं सापडतात. "अन् लोक खातेत काय?" हंस खोडून तिथे ज्वारी पेरली. तुरीला जागा करायला वाड्याचा एक मजला उतरवला. मग दिराने बाजाराचा वार विचारला, तोही नव्हता. राजधानीला आठवडी बाजार दिला, मंगळवारचा. राक्षसाला मी सोन्याच्या गुहेत ठेवलं होतं. पण नणंद लहानपणी सासऱ्यांबरोबर एकदा सेमाडोहच्या जंगलापर्यंत जाऊन आली होती. तिने असा काही घाट आणि असं काही सागाचं रान सांगितलं, की राक्षसाने आपण होऊन मुक्काम हलवला.

मोहिमेचं कारण मी त्या दुपारच्या गरमीतून उचललं. राक्षसाने राज्यातला सगळा वारा चोरून एका माठात कोंडला आहे. तो माठ घाटापलीकडच्या एका आटलेल्या विहिरीच्या तळाशी, राक्षसाच्या घरात आहे. तो फोडायचा. हे ऐकल्यावर सगळे एकदम उठून बसले, कारण सगळ्यांच्याच पाठी फरशीला चिकटल्या होत्या.

आता नियम. आम्हा पुण्याच्या माणसांना नियम लिहिला की जेवल्यासारखं वाटतं. मी नवी वही काढली आणि वर सांगितला तो पहिला नियम लिहून मोठ्याने वाचला. आत्याबाईंनी विचारलं, "कोर्टाचा कागद आहे काय?" मी नियमाचं महत्त्व सांगितलं. एकाने म्हणायचं मी दार उघडलं आणि आत वाघ निघाला की म्हणायचं मी कुठे उघडलं, हे चालणार नाही. तोंडातून गेलं ते गेलं. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी मोहीम निघाली. वाटेत एक बोलणारा साप आडवा आला. तो कोडं घालणार होता, पण आत्याबाईंनी नणंदेला सांगितलं की तिले सांग, मी त्या सापाले विचारतो तुह्या घरी कोन कोन आहे. साप आपल्या घरच्या कटकटी सांगत बसला आणि मोहीम पुढे गेली. माझं रात्रभर जुळवलेलं कोडं फुकट गेलं. तरी मी खुश होते. दीर सुरुवातीला मांडी घालून बसला होता, तो आता गुडघ्यांवर आला होता.

विहिरीपाशी आल्यावर मी आवाज खाली आणला. विहीर खोल आहे, तळ दिसत नाही, खालून कुणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज येतोय. आता काय करता?

दिराने बाह्या सारल्या. "सरका बाजूले. मी इहिरीत उतरून राहिलो."

"थांब ना दादा," नणंद म्हणाली, "मी दोर धरून राहिली."

आत्याबाईंनी अडकित्ता खाली ठेवला आणि मान पुढे काढली. "मी वरून पाहून राहिली."

खरं तर मी तिथेच वही मिटून देवापुढे साखर ठेवायला हवी होती. महिना-दीड महिना जी माणसं माझ्यासमोर पुस्तकं वाचत होती, ती पहिल्यांदाच विसरली होती की मी समोर आहे. पण मी काय केलं? मी पेन्सिल उचलली आणि लिहिलं : 'पैलवान विहिरीत उतरला व तेथेच राहिला. चोर दोर धरून राहिली. आत्याबाई वरून पाहत राहिल्या.' मला वाटलं, काय धीराची माणसं आहेत. दबा धरून बसायचा बेत दिसतोय. तेवढ्यात चार वाजले, चहाची वेळ झाली आणि डाव तिथे थांबला.

दुसऱ्या दिवशी दीर जेवण झाल्या झाल्या येऊन बसला. "हं. मी खाली पोचलो. काय दिसते?"

मी वही बघून सांगितलं की त्याला काही दिसत नाही, कारण तो काल दुपारपासून विहिरीतच राहिला आहे. अन्न नाही, पाणी नाही, शक्ती निम्मी झाली आहे. नणंद रात्रभर दोर धरून राहिल्यामुळे तिचे तळवे सोलले आहेत. आत्याबाई रात्रभर विहिरीत बघत राहिल्यामुळे त्यांच्या मानेत उसण भरली आहे.

"तिले विचार," आत्याबाई म्हणाल्या, "मी रातभर इहिरीत पाहत काहून बसीन? मले घरची कामं नाहीत?"

"मी कवा म्हनलं तिथं राहीन म्हनून?" दीर म्हणाला.

मी नियम पहिला वाचून दाखवला. तुम्ही तोंडाने म्हणालात, उतरून राहिलो.

"हो, म्हनलं ना. उतरून राहिलो."

"तेच मी म्हणतेय. राहिलात."

"राहिलो कुठं? उतरून राहिलो."

"उतरून राहिलात, म्हणजे उतरलात आणि राहिलात."

अशा आम्ही चार-पाच प्रदक्षिणा घातल्या. जन्मापासून तोंडात असलेला शब्द कुणी उलटून बघत नाही. त्यांना त्या शब्दात दुसरा अर्थ दिसेना, मला पहिला दिसेना. माझा आवाज चढला. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, माझ्या भावाने मला चार-चार आठवडे जंगलात ठेवलेलं आहे. हे मी का बोलले ते देव जाणे.

दीर गुडघ्यांवरून खाली आला, नीट मांडी घालून बसला आणि म्हणाला, "ठीक आहे, वहिनी. आपले म्हणणे बरोबर आहे."

तो भांडला असता तर चाललं असतं. नणंदेने चिंचोके डबीत भरले आणि म्हणाली, "आपण थकला असाल, थोडी विश्रांती घ्या." पुस्तक पुन्हा उघडलं होतं. जे मिळवायला निघाले होते ते एका दुपारी हातात आलं, आणि मी ते नियम दाखवून परत केलं होतं.

पुढच्या तीन दुपारी सगळे आपापल्या जागी पडून राहिले. नकाशा भिंतीला टेकून उभा होता. शनिवारी हे आले. मी त्यांना म्हटलं की मला आत्ताच अकोल्याला न्या, खोलीत तीन माणसं मावत असतील तर चौथी मावेल. ह्यांनी हिशोबाने सांगितलं की चौथी बाई आहे, ते ब्रह्मचारी पळून जातील. काय झालं म्हणून विचारलं, पण मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी अर्ध्या मिनिटात उलगडा केला असता. पण नवऱ्याजवळ त्याच्या माणसांची तक्रार करायची नाही, असं आईने निघताना बजावलं होतं, आणि मी नियमाची पक्की.

सोमवारी दुपारी सासूबाई परसात कुरडया घालत होत्या. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून दुपारी पुन्हा एकदा तापवायचं असे. ते चुलीवर ठेवलेलं होतं आणि परसातून त्यांना ते उघड्या दारातून दिसत होतं. मी माजघरात होते. त्यांनी हाक मारली, "दूध उतू जाऊन राहिलं."

मला वाईट वाटलं. गेलं बिचारं. उतू जाऊन राहिलं, म्हणजे आता घाई करून उपयोग नाही. मी शांतपणे उठले, फडकं शोधलं, ओलं केलं, पिळलं आणि स्वयंपाकघरात गेले. बघते तर दूध पातेल्याच्या काठाशी आलेलं, अजून सांडायचंच होतं. मी फडकं हातात धरून त्याची वाट बघत उभी राहिले.

सासूबाई चिकाचे हात घेऊन धावत आल्या. "अवं पाहून काय राहिली? फुंक ना."

मी फुंकलं, पण तोवर दूध चुलीत गेलं. राखेतून वास उठला.

"मी सांगून राहिली, तू आयकून राहिली, अन् दूध जाऊन राहिलं," सासूबाई म्हणाल्या. "अन् हे फडकं काहून आनलं तुनं आधीच?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणालात उतू जाऊन राहिलं, मला वाटलं गेलं.

"गेलं असतं तं गेलं म्हनलं नसतं काय? जाऊन राहिलं म्हनलं. जात होतं तवा."

मी फडकं घेऊन तशीच उभी. उतरून राहिलो. धरून राहिली. पाहून राहिली. म्हणजे दीर अजून उतरतच होता, विहिरीच्या मध्यावर. आणि मी त्याला रात्रभर उपाशी ठेवलं होतं. मी चुलीपुढे बसकण मारली आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, आपण दुधासाठी बोललो ते सुनेला लागलं. त्यांनी चिकाच्या हातानेच माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे, दूध तं होतं." मी कसंबसं सगळं सांगितलं. नियम, विहीर, दोर, आत्याबाईंची मान. त्या ऐकत गेल्या, आणि शेवटी भिंतीला धरून तोंडाला पदर लावून हसल्या. मग माजघराच्या दारात जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "ऊठ रे बाप्पा. निंग त्या इहिरीतून. तिले समजलं."

फरशी पुसता पुसता माझ्या लक्षात आलं, की मला ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं होतं. तेही 'तू' म्हणून.

त्या दुपारी माझी जी काही सालटी काढली गेली ती लिहिण्यासारखी नाहीत. दीर येता जाता म्हणायचा, "वयनी, मी पानी पिऊन राहिलो. आता राहू का गिलासातच?" वहिनीची वयनी झाली होती. नणंद तर हसून हसून पुन्हा वेणी घालायला बसली. आत्याबाई मात्र गंभीर होत्या. त्यांना मानेच्या उसणीचा न्याय हवा होता. त्यांनी अडकित्त्याने वहीकडे बोट केलं आणि मध्ये कुणालाही न घालता सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिव. राहिलो म्हंजे राहिलो नाही."

मी लिहिलं. 'नाही'च्या जागी 'नव्हे' लिहिलं, तेवढं पुणं हातातून गेलं नाही.

दिराने शंका काढली की एखाद्याला खरोखरच कुठे राहायचं असेल तर त्याने काय म्हणायचं. बराच खल झाला. शेवटी नियम दुसरा झाला : 'खरोखर राहावयाचे असल्यास "पुण्याचं राहिलो" असे म्हणावे.' तोही वहीत आहे.

पुढे मोहीम अशी चालली की मला सूत्रधार म्हणून फारसं काम उरलं नाही. पैलवान तळाशी पोचला, चोराने कुलूप काढलं आणि राक्षसाच्या घराचं दार उघडलं. आतून राक्षस यायच्या आधी कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "त्याले मारू नका. त्याची माय असन ना घरी." मी म्हटलं, राक्षसाला आई नाही. "बिनामायचा कसा असन? मी होतो त्याची माय." गव्हाचं सूप बाजूला ठेवून त्या नकाशापाशी येऊन बसल्या. राक्षसाच्या आईने पाहुण्यांना जेवल्याशिवाय माठाला हात लावू दिला नाही. आत्याबाईंनी भाजीला नावं ठेवली. दोघी नणंदा-भावजया तीन दुपारी त्या माठाची घासाघीस करत होत्या. मधल्या मधे राक्षस बिचारा कुठे गेला ते मला सूत्रधार असूनही सांगता आलं नसतं. शेवटी असं ठरलं की वारा सोडायचा, पण राक्षसाचं लग्न जमवून द्यायची जबाबदारी मोहिमेची. मुलगी बघायला घाटावर जायचं.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ह्यांचं पत्र आलं. क्वार्टर मिळालं होतं. ज्या पत्राची मी वाट बघत होते तेच ते. वाचून मी ते दोनदा घडी घातलं आणि कणकेच्या डब्याखाली ठेवलं, जणू तिथे ठेवल्यावर ते थोडं उशिरा आलं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक दारात, टांगा सांगितलेला, हे न्यायला आलेले. दीर म्हणाला की मोहीम अशी उघडी टाकून जाता येणार नाही, कोण कुठे आहे ते लिहून ठेवा. मी वही काढली. तो म्हणाला, मी घाटाच्या पायथ्याशी दंड काढून राहिलो. नणंद राक्षसाच्या घरातली भांडी चोरून राहिली. सासूबाई म्हणाल्या, पोराले जेऊ घालून राहिली. मी लिहीत गेले आणि आता मला कुठेही अडलं नाही.

आत्याबाई शेवटी बोलल्या. "मी घाटावर बसून राहिली."

मी लिहिलं.

"काय लिवलं, वाच."

'आत्याबाई घाटावर बसत आहेत,' मी वाचलं. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

"नाही," त्या म्हणाल्या. "पुन्याचं लिव. तू येईपर्यंत."

मी लिहिलं की नाही ते वही बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तिथे शाई पसरली आहे.

टांगा स्टेशनकडे निघाला. ह्यांनी दोनदा ट्रंक सरळ केली, एकदा घड्याळ बघितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काहून रडून राहिली?"

मी नाक पुसून त्यांना सांगितलं, की हे राहणं वऱ्हाडीच आहे, पुण्याचं नव्हे, बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत आटपेल.